पहिले पिस्तूल निवडताना

आज रेंजवर वेगवेगळी एअर पिस्तुले हाताळून पाहिली आणि पहिले पिस्तूल घेताना ब्रँडच्या आधी मूठ पाहावी, असे माझे ठाम मत झाले. 10 मीटर अंतरावरच्या नेमबाजी प्रकारात पिस्तूल एकाच हाताने, कोणत्याही आधाराशिवाय धरावे लागते आणि 10 गुणांचे वर्तुळ अवघे 11.5 मिलिमीटर व्यासाचे असते. त्यामुळे मूठ तळहाताला नीट बसली नाही, तर मनगट दर वेळी थोडे वेगळे वळते आणि पुढची साइट (नेम धरण्यासाठी नळीवर असलेली खूण) मागच्या खाचेत आणण्यातच सारे लक्ष खर्च होते. रिकामे पिस्तूल लक्ष्याच्या दिशेने धरून क्षणभर डोळे मिटावेत आणि उघडल्यावर साइट्स एका रेषेत दिसतात का, हे तपासावे; ही परीक्षा मला कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा अधिक भरवशाची वाटली.

नियमानुसार वजन 1500 ग्रॅमपर्यंत चालते, परंतु नवशिक्याचा खांदा लवकर थकतो, म्हणून हलके मॉडेल बरे. ट्रिगरचा दाब किमान 500 ग्रॅम असावा लागतो. तो किती, यापेक्षा दर वेळी तसाच लागतो का, हे अधिक महत्त्वाचे. स्प्रिंगची पिस्तुले स्वस्त असली, तरी त्यांचा धक्का हाताला जाणवतो. दाबाखालील हवेवर चालणारी पिस्तुले त्यामानाने फारच शांत असतात. (डावखुऱ्यांनी डाव्या हाताची मूठ आवर्जून मागावी.) वापरलेले पिस्तूल घेण्यासही माझी हरकत नाही, मात्र हवेच्या सिलिंडरवर छापलेली मुदत आधी वाचावी, कारण ती उलटली असल्यास नव्या सिलिंडरचा खर्च किमतीत धरावा लागतो.