पेंढ्याची खेप: उडवीपासून गोठ्यापर्यंत

पेंढा वजनाला हलका असतो, म्हणून तो वाहायला सोपा असं वाटतं. पण अडचण वजनाची नसून आकाराची आहे. 12 बाय 6 फुटांच्या ट्रॉलीत 6 फूट उंच मोकळा पेंढा रचला, तरी तो जेमतेम 500-600 किलो भरतो. मॅसी 1035 किंवा महिंद्रा 265 सारख्या जुन्या तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरला हा भार काहीच नाही. मात्र वळणावर हा ढीग झुलतो आणि ट्रॉलीला सहसा ब्रेक नसतात. आपल्याकडच्या जांभ्याच्या उतारांवर हे ध्यानात ठेवावं लागतं.

डिसेंबर-जानेवारीत दव भरपूर पडतं. उडवीचा, म्हणजे शेतात रचलेल्या पेंढ्याच्या ढिगाचा, वरचा थर सकाळी दहा वाजेपर्यंत ओलसर असतो, तेव्हा त्याआधी भरू नये. मूठभर पेंढा पिळून पाहावा: कडकन मोडला तर कोरडा, नुसता वळला तर थांबायचं. उडवीत हात घालण्याआधी लांब काठीने ढोसावं. उंदरांमागे साप येतात, आणि फुरसं रंगाने पेंढ्यात मिसळून जातं.

रचताना आधी चारी कोपरे धरायचे. पेंढ्यांचे (पेंढ्याच्या बांधलेल्या जुड्यांचे) बुडखे बाहेर आणि शेंडे आत ठेवायचे, मधली जागा शेवटी भरायची. ती कडेपेक्षा थोडी उंच राहिली तरच वरचा थर कडेच्या पेंढ्या दाबून ठेवतो. मध्ये खड्डा राहिला की पहिल्याच गचक्याला कडा घसरते. दोन चाकांच्या ट्रॉलीत भार मागे जास्त झाला तर ट्रॅक्टरचा हुक वर उचलला जातो आणि मागच्या चाकांची पकड सुटते, म्हणून किंचित पुढे झुकतं भरावं. वर लांबीत एक वासा टाकून तो पुढेमागे काथ्याच्या दोरीने आवळायचा. नुसत्या आडव्या दोऱ्या पेंढा दबला की सैल पडतात. अर्ध्या किलोमीटरवर थांबून एकदा पुन्हा ताणाव्यात. ढिगावर माणूस बसवू नये. गावातल्या विजेच्या तारा बऱ्याच ठिकाणी खाली झुकलेल्या असतात.

निघण्याआधी मागच्या डाव्या आणि उजव्या चाकाचे दोन्ही ब्रेक पेडल एकमेकांना खिटीने जोडलेले आहेत ना पाहा. शेतात सुटे ठेवलेले पेडल रस्त्यावर तसेच राहिले आणि एकच दाबला गेला, तर ट्रॅक्टर गर्रकन वळतो. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकायचा; न्यूट्रल कधीच नाही.

आगीचं खरं कारण बहुधा सायलेन्सर असतो. जुन्या इंजिनाची काजळी ठिणगी होऊन उडते, म्हणून पेंढ्याजवळ इंजिन बंद करूनच भरावं आणि उतरवावं. रेडिएटरची जाळी दर दोन खेपांनी पंख्याच्या बाजूने पुढे हवा मारून साफ करायची. पुढून मारली तर भुसा आणखी आत बसतो. ऑइल बाथ एअर क्लीनरची (इंजिनात जाणारी हवा तेलाने गाळणाऱ्या डब्याची) वाटी संध्याकाळी उघडावी. तेल घट्ट झालं असेल तर बदलायचं, पण खुणेपुरतंच. जास्त भरलं तर इंजिन ते ओढून घेतं.

गोठ्यात जमिनीवर थेट रचू नये. पोफळीचे ओंडके टाकून वीतभर उंची द्यायची, आणि पावसाळ्यात भिंतीला ओल येते म्हणून हातभर अंतर ठेवायचं. ओलसर भारे चुकून आत गेल्याची शंका असेल, तर काही आठवडे रोज लोखंडी सळई खोचून दहा मिनिटांनी काढून पाहावी. हाताला चटका बसला, तर आधी पाणी जवळ आणून ठेवावं आणि मगच ढीग हळूहळू मोकळा करावा.