आवळायचं नव्हतं, सोडायचं होतं

वृषणं आणि गुदद्वार यांच्यामधल्या जागेला आपण बोलताना नावसुद्धा देत नाही. माझं दुखणं नेमकं तिथलं. बसलं की खाली खडा आल्यासारखं टोचायचं आणि तो खडा चुकवायला मी दिवसभर खुर्चीत चुळबुळ करायचो. दर तासाला लघवीला जायचो, गेलो की धार सुरू व्हायला वेळ लागायचा. वीर्यपतनानंतर तर पुढचा अख्खा दिवस ठणका. त्यामुळे बायकोच्या जवळ जाणंही मी टाळू लागलो, आणि का टाळतोय हे तिला सांगणंही.

प्रोस्टेटला सूज म्हणून अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. लघवीच्या कल्चरमध्ये दोन्ही वेळा जंतू सापडले नाहीत. मग मी स्वतःच शोधाशोध करून केगलचे व्यायाम, म्हणजे लघवी रोखताना आवळतो ते स्नायू आवळून सोडणं, सुरू केले. रोज शंभर वेळा आवळायचो. तीन आठवड्यांत दुखणं दुप्पट. आर्नोल्ड केगल या अमेरिकन डॉक्टरांनी 1948 साली हे व्यायाम मांडले ते बाळंतपणानंतर सैल पडलेल्या स्नायूंसाठी, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं? माझे स्नायू सैल नव्हतेच. ते आधीच ताठरलेले होते आणि मी त्यांना आणखी पिळत होतो.

शेवटी एका युरोलॉजिस्टनी पेल्विक फ्लोअरचं, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. मॅडमनी पहिला अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. शौचाला जोर लावता का? ताण आला की पोट आत ओढून धरता का? मग तपासणी गुदद्वारातून, हातमोजा घालून करावी लागेल, नको असेल तर आज नको आणि मध्येच थांबवायचं असेल तर नुसतं सांगा, असं त्या म्हणाल्या. मला घाम फुटला होता, पण हो म्हटलं. बोट आत डावीकडे एका जागी टेकलं आणि थेट शिश्नाच्या टोकाशी कळ गेली. तीच, ओळखीची.

"हीच का?"

"हीच."

माझे डोळे भरून आले. इतके महिने मला वाटत होतं की सगळं माझ्या मनाचंच आहे.

उपचार दिसायला अगदी साधे. आतल्या ताठरलेल्या स्नायूच्या गाठीवर त्या हलका दाब देऊन थांबत, गाठ हळूहळू मऊ पडे. घरी मी पाठीवर झोपून पोटऱ्या खुर्चीवर ठेवायच्या, हात पोटावर, आणि श्वास खाली पोटापर्यंत घ्यायचा. श्वास घेताना छातीखालचा पडदा खाली येतो, त्याच्याबरोबर ओटीपोटाचा तळही उतरतो. तो उतरू द्यायचा. "वारा सरताना जसं सैल पडतं तसं," मॅडम म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे मला उमगलं. शौचाला बसताना पायाखाली बुटका स्टूल घ्यायचा, जोर लावायचा नाही. सगळ्यात अवघड काम म्हणजे दिवसभर स्वतःला पकडणं. फोनवर साहेबांचं नाव दिसलं की मी खालून गच्च आवळतो, हे मला कधीच कळलं नव्हतं.

माझ्या काकांची गोष्ट याच्या अगदी उलट. कॅन्सरमुळे त्यांची प्रोस्टेट ग्रंथी काढली. नंतर खोकलं की लघवी गळायची. त्यांना आवळायलाच शिकवलं, खोकण्याआधी आणि खुर्चीतून उठण्याआधी. स्नायू तेच, काम विरुद्ध. म्हणून कळकळीने सांगतो, आधी तपासून घ्या, मग व्यायाम. ताप असेल किंवा लघवीतून रक्त जात असेल तर तडक डॉक्टर गाठा.

मला पाच महिने झाले. ताणाचा आठवडा असला की खडा अजून येतो. आला की मी उठून खोलीचं दार लोटून घेतो आणि पोटऱ्या खुर्चीवर टाकतो. बायकोला आता विचारावं लागत नाही, ती बाहेर मुलांना सांगते, "बाबांना दहा मिनिटं द्या."