मरणाऱ्या उंदरांना औषध कशासाठी?

तुम्ही विचारले म्हणून, आणि तुमच्याआधी पानठेल्यापासून साक्षगंधाच्या मांडवापर्यंत इतक्यांनी विचारले म्हणून, एकदाचे लिहूनच टाकतो. प्रश्न असा की, शेळ्या-म्हशींचा डॉक्टर असलेला मी फार्मसी कॉलेजच्या प्राणिगृहात जाऊन, प्रयोग संपल्यावर मारलेच जाणार असलेल्या पांढऱ्या उंदरांना कोळीनाशक औषध, म्हणजे आयव्हरमेक्टिन, कशासाठी टोचतो. (हा कोळी जाळे विणणारा नव्हे; केसांत राहून खाज आणणारा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा परजीवी.) विचारणाऱ्याच्या घरी धानाच्या पोत्यांमागे उंदराचे विष ठेवलेले असते, त्यामुळे त्याचे हसू मी समजू शकतो; दर वेळी तेच हसू मात्र आता सोसवत नाही.

माझे ठरलेले उत्तर असे की, कोळी झालेला उंदीर खाजवून खाजवून कानामागची कातडी फोडतो, त्याची प्रतिकारयंत्रणा चेतवली जाते, आणि मग सूज उतरवणाऱ्या औषधाच्या चाचणीत हाती आलेला आकडा औषधाचा की खाजेचा, हे सांगता येत नाही. उत्तर खरे आहे, पण अर्धे. कारण आयव्हरमेक्टिन टोचलेला उंदीरही प्रयोगासाठी कोरा राहत नाही. मोठ्या संस्था निरोगी मादीच्या गर्भाशयात भ्रूण वाढवून वसाहतच नव्याने उभी करतात. आमच्याकडे कूलरमध्ये वेळेवर पाणी पडले तरी पुष्कळ.

एका मे महिन्यात एका उंदराच्या मानेवर चिकटपट्टी दाबून मी ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तेव्हा पुढच्या आखूड पायांनी केस कवटाळून बसलेला कोळी स्पष्ट दिसला. पिंजऱ्यांत अंथरायला राईस मिलमधून आणलेल्या तुसाबरोबर तो आला असावा. पंचवीस किलोच्या शेळीला १ टक्का आयव्हरमेक्टिन अर्धा मिली लागते; पंचवीस ग्रॅमच्या उंदराला त्याचा हजारावा भाग, जो कोणत्याही सिरिंजवर मोजता येत नाही. म्हणून ते प्रॉपिलिन ग्लायकॉल या द्रवामध्ये शंभर पट पातळ केले आणि प्रत्येकी ०.०५ मिली टोचायला घेतले. पिंजरे साफ करणारे भाऊ मध्येच म्हणाले, "साहेब, पिल्लंवाल्या राहू देऊ काय?" मी नाही म्हणालो. केसांच्या मुळाशी चिकटलेली अंडी या औषधाने मरत नाहीत, आठवडाभराने दुसरी मात्रा द्यावीच लागते, आणि एक पिंजरा सुटला तर कोळी पुन्हा सगळीकडे पसरतो, असे मी त्यांना जरा चढ्या आवाजातच समजावले.

तिसऱ्या दिवशी नुकतीच लव फुटलेली अकरा पिल्ले थरथरत पडली होती. एक तळहातावर घेतले, तर त्याचे मागचे पाय लुळे आणि पोट दुधाने भरलेले. संध्याकाळपर्यंत सगळी गेली. भाऊंनी ती कागदात गुंडाळली आणि माझ्याकडे पाहिलेही नाही.

हे औषध दुधात उतरते आणि पिल्लांच्या मेंदूभोवतीचा अडसर अजून पक्का झालेला नसतो, हे मला ठाऊक असायला हवे होते. १९९४ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेली हकीकत मी नंतर वाचली: औषध मेंदूबाहेर ढकलणाऱ्या प्रथिनाचे जनुक काढून टाकलेले उंदीर, कोळ्यांसाठी आयव्हरमेक्टिन फवारल्यावर मेले आणि साधे उंदीर वाचले. त्या मृत्यूंतून त्या प्रथिनाचे मेंदूतील काम उघड झाले. आमच्या अकरा मृत्यूंतून काहीच उघड झाले नाही, कारण शवविच्छेदन मी केले नाही.

त्या दुपारी चार तास वीज नव्हती, ही माझी बाजू. मग मोठा एकही उंदीर कसा मेला नाही? कोवळी पिल्ले उन्हाने आधी जातात, असे मी स्वतःला सांगतो. आणि मागचे पाय लुळे पडणे हे उन्हाचे लक्षण आहे का, असे लगेच विचारतोही. औषध द्यायचेच नव्हते, असे मला आजही वाटत नाही, कारण ती खाज आमच्या तुसाने दिली होती. आता पिल्लंवाल्या माद्या मी वेगळ्या ठेवतो, आणि कोळी दर वेळी त्यांच्याच पिंजऱ्यातून परत येतो.

नोंदवहीत त्या दिवसाच्या मृत्यूच्या कारणापुढे माझ्या अक्षरात 'उष्णता' असे आहे. ते खोडून 'औषध' लिहावे, इतकीही माझी खात्री नाही.