आधी माउंट, मग दुर्बीण (सोलापूरच्या गच्चीवरून)

गेल्या दोन महिन्यांत तिघांनी मला एकच प्रश्न विचारला, आकाशाच्या फोटोसाठी न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण) घ्यायचीय, सहा इंची आरशाची घेऊ का आठ इंची? आणि तिघांपैकी एकानेही माउंटचं, म्हणजे दुर्बीण पेलून ताऱ्यांमागे फिरवणाऱ्या बैठकीचं, नाव काढलं नाही. मीपण असाच होतो म्हणून एकदाचं लिहून टाकतो, फोनवर तेच तेच सांगून घसा बसायची वेळ आलीय.

माझी पहिली दुर्बीण आठ इंची, एफ ६, म्हणजे फोकल लेन्थ (आरशापासून फोकसपर्यंतचं अंतर) आरशाच्या व्यासाच्या सहापट, १२०० मिमी. सेकंडहँड मिळाली, सोबत ईक्यू५ नावाचा माउंट, सौदा स्वस्तात पडला म्हणून मी जाम खूश. जिन्यातून ट्यूब वर नेत होतो तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय रे, पाण्याची टाकी बदलायलास का?" तेव्हा हसण्यावारी नेलं, पण काकूंना त्या नळकांड्याच्या आकाराचा अंदाज माझ्यापेक्षा बरा आला होता.

पहिल्या रात्री आयपीसमधून (डोळा लावायच्या भिंगातून) चंद्र बघितला, घरचे सगळे वर आले, फार भारी वाटलं. मग कॅमेरा लावला आणि फोकसच होईना. फोकसर (कॅमेरा धरणारी, आतबाहेर सरकणारी नळी) पूर्ण आत ढकलला, तरी चंद्र म्हणजे ताकातला लोण्याचा गोळा. तासभर घाम गाळल्यावर डोक्यात प्रकाश पडला, की नुसतं बघायला बनवलेल्या न्यूटोनियनमध्ये फोकसचा बिंदू फोकसरच्या तोंडाजवळच पडतो आणि डीएसएलआरचा सेन्सर तर बॉडीत आत बसलेला, कॅननमध्ये माउंटच्या रिंगपासून ४४ मिमी आत, वर टी-रिंग (कॅमेरा दुर्बिणीला जोडणारी कडी) धरून ५५ मिमी. तेवढी जागाच नाही. शेवटी एमआयडीसीतल्या ओळखीच्या लेथवाल्याकडून लांब बोल्ट करून घेतले आणि मुख्य आरसा पुढे सरकवला. फोकस आला, पण आरसा पुढे आणला की तिरक्या छोट्या आरशावर पडणारा प्रकाशाचा झोत रुंद होतो, आणि तो आरसा लहान असला तर कडेचा प्रकाश सांडतो. म्हणून घेतानाच फोटोसाठी बनवलेली ट्यूब घ्या. स्काय-वॉचरच्या पीडीएस मॉडेल्समध्ये हा घोळ नाही, फोकसरही दोन स्पीडचा येतो, आणि बारीक फोकस करताना त्याची किंमत कळते.

पण खरं दुखणं माउंटचं होतं. ट्यूब, रिंगा, कॅमेरा, गायडिंगची (एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक सुधारायची) छोटी दुर्बीण सगळं धरून बारा किलोच्या आसपास वजन झालं. माउंटवर जे किलो लिहिलेले असतात ना ते डोळ्याने बघण्यासाठी, फोटोसाठी मी त्याचं निम्मं धरतो, फार तर दोन तृतीयांश. त्यात आपल्याकडे संध्याकाळी वारा सुटला की एवढं मोठं नळकांडं मांडवाच्या कापडासारखं हलतं. ३० सेकंदांचे चाळीस फोटो काढले, त्यातले नऊ कामाचे निघाले, बाकीच्यांत प्रत्येक तारा म्हणजे तांदळाचा दाणा.

हिशोब करून बघा, सोपा आहे. कॅमेऱ्याचा पिक्सेल मायक्रॉनमध्ये घ्या, २०६ ने गुणा, फोकल लेन्थने भागा, की एका पिक्सेलमध्ये आकाशाचा केवढा तुकडा येतो ते आर्कसेकंदात (अंशाचा ३६००वा भाग) मिळतं. माझ्या जुन्या कॅननचा पिक्सेल ४.३ मायक्रॉनचा, १२०० मिमीवर एक पिक्सेल म्हणजे ०.७४ आर्कसेकंद. विषुववृत्ताजवळचा तारा आकाशात सेकंदाला १५ आर्कसेकंद सरकतो, म्हणजे माउंट नुसता थांबला तरी एका सेकंदात तारा वीस पिक्सेल पळाला! हाच हिशोब ६५० मिमीवर केला तर पिक्सेल १.३६ आर्कसेकंदांचा येतो आणि तारा अकराच पिक्सेल सरकतो, म्हणजे माउंटची तीच चूक जवळपास निम्मी दिसते. त्यात प्रत्येक माउंटच्या वर्म गियरची (माउंट फिरवणाऱ्या स्क्रूसारख्या गियरची) स्वतःची लय असते, एचईक्यू५ नावाच्या माउंटमध्ये एक फेरा साधारण ६३८ सेकंदांचा, आणि त्या फेऱ्यात तारा पुढेमागे डुलतो. गायडिंगने ते आवरता येतं, पण माउंट आधीच वजनाने वाकलेला असेल तर गायडिंग तरी काय करणार.

शेवटी आठ इंची विकली (रडू आलं थोडं) आणि १३० मिमी, एफ ५ घेतली, ६५० मिमी फोकल लेन्थ, नुसती ट्यूब चार किलोच्या आसपास. माउंट एचईक्यू५. पैशाचं गणित उलटं झालं, माउंटला ट्यूबपेक्षा कितीतरी जास्त गेले, घरी सांगताना आकडे थोडे इकडचे तिकडे केले ते सोडा.

आता आपल्या गावची खास अडचण. माउंटचा आस ध्रुवाकडे नेमका रोखावा लागतो, त्यालाच पोलर अलाइनमेंट म्हणतात. सोलापूरचा अक्षांश १७.७ च्या आसपास, म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच वर. हात लांब करून वीत ताणली की साधारण २० अंश होतात, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. माझ्या गच्चीवरून तिथे बरोबर शेजाऱ्यांची टाकी येते (काकूंचीच). पोलर स्कोपमधून (माउंटच्या आसातल्या छोट्या दुर्बिणीतून) बघायला गुडघ्यावर बसून मान वाकडी करायची आणि दिसायची काय तर सिंटेक्स. सध्या नीना या सॉफ्टवेअरमधलं तीन जागांचे फोटो घेऊन होणारं पोलर अलाइनमेंट वापरतो, त्याला ध्रुवतारा दिसायलाच हवा असं नाही. दुसरं म्हणजे एवढ्या कमी अक्षांशावर काउंटरवेटची (ट्यूबचा तोल सांभाळणाऱ्या वजनांची) दांडी खाली सोडली की जवळपास उभीच लटकते आणि वजनं ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायाला घासतात. एकतर पाय फिरवून घ्या, नाहीतर मध्ये एक्स्टेन्शनचा खांब टाका. घ्यायच्या आधी हे तपासा, यूट्यूबवरचे युरोपातले लोक हे सांगत नाहीत कारण त्यांना ते होतच नाही.

त्यांच्यातल्या बहुतेकांना आणखी एक गोष्ट दिसत नाही, ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा गोल गुच्छ. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दक्षिणेला २५ अंशांवर येतो. तीस सेकंदांच्या पहिल्याच फोटोत साखर सांडल्यासारखा दिसला तेव्हा मी खाली जाऊन बाबांना उठवून आणलं.

उन्हाळ्यातली गच्ची मात्र वैरीण आहे. दिवसभर बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत तापलेला स्लॅब रात्री अकरापर्यंत वाफा टाकत असतो, तारे पाण्यात बुडवल्यासारखे हलतात. झोपायला गच्चीवर पाणी मारतो ना, तसंच मी संध्याकाळी मारतो, आणि आरसा थंड व्हायला ट्यूब तासभर आधी बाहेर ठेवतो. लोडशेडिंग झालं तर सोन्याहून पिवळं, माउंट बॅटरीवर चालतो आणि आख्खी गल्ली काळोखात.

हुरड्याच्या दिवसांत नान्नजच्या पुढे मित्राच्या शेतावर जातो. ट्यूब दोन सोलापुरी चादरींत गुंडाळून मागच्या सीटवर, तरी कच्च्या रस्त्याने कॉलिमेशन (आरशांची एकमेकांशी जुळणी) हलतंच. एफ ५ला एवढंसं हललं तरी तारे एका बाजूला शेपटी काढतात, त्यामुळे पोचल्या पोचल्या चेशायर (आरशांची जुळणी बघायची नळी) लावून आरसे बघायचे, मगच हुरडा. जुळणीसाठी मिळणाऱ्या स्वस्तातल्या लेझरवर विश्वास ठेवू नका, माझा लेझर स्वतःच वाकडा निघाला आणि मी दोन रात्री आरशाला दोष देत बसलो. कोमा करेक्टरही (कडेच्या ताऱ्यांचा आकार सुधारणारं भिंग) बजेटमध्ये धरा, नाहीतर कोपऱ्यातले सगळे तारे धूमकेतू. फोकससाठी बाहतिनोव्ह मास्क (फोकस नेमका लागला का ते दाखवणारी खाचांची जाळी) मात्र विकत घेऊ नका, मी साडीच्या बॉक्सच्या पुठ्ठ्यातून ब्लेडने कापलाय, तीन वर्षं तोच चालू आहे.

सध्या पावसाळा, माउंट पलंगाखाली आणि ट्यूब कपाटामागे उभी, तोंडाला आईची जुनी शॉवर कॅप. काकूंनी परवा विचारलं, टाकी गळायली का.