झेंडावंदनानंतर एक तास

ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, किती? एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी कमी असेल ती. राज्यसेवेच्या तयारीत हा प्रश्न मी एकदाही चुकले नाही. ग्रामसभा मात्र चोविसाव्या वर्षापर्यंत पाहिलीच नव्हती.

पूर्वपरीक्षा दुसऱ्यांदा गेली आणि पुण्यातली कॉट सोडून मी गावी आले. घरात अभ्यासाला जागा नाही. जुन्या शाळेतली एक खोली मात्र वर्षानुवर्षं कुलूपबंद. तिथे अभ्यासिका करा म्हणावं, म्हणून २ ऑक्टोबरच्या सभेला गेले. मोजून एकोणीस माणसं. खुर्चीत सरपंचबाई, बोलत होते त्यांचे मालक. सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, हेही मला पाठ होतं. त्याचा फायदा कसा घेतात ते आता कळलं. पुढच्या सभेला आम्ही अकरा जण. मी हात वर केला तर ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, "विषयपत्रिकेवर नाही. अर्ज द्या."

दिला. पोच मागितली तेव्हा भाऊसाहेबांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

मग पारावरची पोरं. पक्ष कुणी फोडला यावर रात्री दोनपर्यंत मोबाईलवर भांडणारी. पण ग्रामपंचायतीच्या फलकावर सभेची नोटीस लागते, हे एकालाही माहीत नव्हतं. "राजकारण नको गं ताई, सगळे सारखेच." मी वाद घातला नाही. २६ जानेवारीला झेंडावंदनाला येताच ना, जिलेबी खाऊन पळू नका, ग्रामसभेला एक तास थांबा, एवढंच म्हटलं.

बावीस जण थांबले. ठरावाची सूचक मी. अनुमोदक कोण? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी डेअरीवर दुधाचं फॅट काढणारा पोरगा उठला आणि स्वतःचं नाव सांगतानाही अडखळला.

"पण निधी कुठंय? वित्त आयोगाचा पैसा पाणी-स्वच्छतेला बांधलेला असतो," मालक म्हणाले.

"पंधराव्या आयोगाचा बंधित निधी ६० टक्के. उरलेला ४० टक्के अबंधित असतो." दोन वर्षांच्या क्लासची फी त्या एका वाक्यात वसूल झाली, असं आई अजून सांगते.

ठराव झाला. त्याची नक्कल मिळवायला पाच खेपा. खोलीची चावी एप्रिलमध्ये हातात आली, दोन ट्यूबलाइटही लागल्या. दरवाजा अजून दोरीनं बांधतो.

१ मेच्या सभेला बावीसपैकी आठच आले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. शेवटी डेअरीवाला उठला आणि वस्तीवरच्या बंद दिव्यांचं विचारू लागला.

"विषयपत्रिकेवर नाही," नेहमीचं उत्तर आलं.

त्यानं खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि टेबलावर उलगडून ठेवला. कोपऱ्यात पोचेचा शिक्का होता.