पावतीवरचं नाव

इचलकरंजीत यंत्रमागवाल्याच्या घरी सुताची उधारी काही नवी नाही. आमच्या ह्यांची मात्र फारच तुंबली. सूतवाल्याने दावा जिंकला, दरखास्त म्हणजे वसुलीचा अर्ज लावला आणि एका सकाळी जप्तीसाठी कोर्टाचा बेलीफ दोन पंचांना घेऊन दारात. मी थालीपीठ थापत होते.

माणूस सभ्य होता. टीव्ही, फ्रीज, कपाट यादीत चढवलं. भांड्यांकडे, गाद्यांकडे बघितलंही नाही. माझा हात आपसूक मंगळसूत्राकडे गेला तर म्हणाला, "ताई, ते राहू द्या." मला वाटलं, भला माणूस! नंतर वकीलबाईंनी सांगितलं, ही सूट १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतच आहे, कलम ६०.

मग त्याचं पेन मागच्या खोलीतल्या पिठाच्या गिरणीवर आलं. ती माझी. भिशीच्या पैशांतून घेतलेली, गल्लीची दळणं तिच्यावरच होतात. मी आवाज चढवला. तो शांतपणे म्हणाला, "कोर्टात हरकत घ्या." नवऱ्याच्या घरातलं ते नवऱ्याचंच, असं धरून चालतात सगळे. त्याच संहितेच्या ऑर्डर २१, नियम ५८ खाली जप्तीवर हरकतीचा अर्ज दिला. डाळीच्या डब्याखाली जपलेली, माझ्या नावाची, पिवळी पडलेली पावती आणि पासबुकातली त्याच तारखेची नोंद. गिरणी सुटली.

माहेरच्या पाटल्या? त्या स्त्रीधन, नवऱ्याची त्यांच्यावर मालकी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलंय. पण त्या मी स्वतःच मागाच्या हप्त्यासाठी सोनाराकडे मोडल्या होत्या. मोडलेल्या पाटल्यांवर कसली हरकत घेणार?

आणि खरी घोडचूक त्याही आधीची. एका पतसंस्थेच्या कर्जाला ह्यांनी मला जामीनदार केलं. "इथे सही कर," म्हणाले, केली. गॅसवर दूध होतं, वाचायला सवड कुणाला! वडिलांनी माझ्या नावे केलेला दोन गुंठ्यांचा तुकडा त्या सहीने अडकला. नवऱ्याच्या कर्जापायी बायकोच्या मिळकतीला हात लावता येत नाही, पण जामीनदाराच्या मिळकतीला येतो. सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला आला, त्यात ह्यांच्याखाली माझं नाव. तिथे स्त्रीधन वगैरे काही चालत नाही. तुकडा अजून सुटलेला नाही.

परवा धाकटी जाऊ घाईघाईत दारावरूनच म्हणाली, "वहिनी, जरा सही करून येते, हे बाहेर थांबलेत." मी तिला आत ओढलं, चहा टाकला आणि म्हटलं, "थांबू दे त्याला. कागद दाखव आधी."