सुर्ल्याच्या सड्यावरचे गवत

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात पहाटे साडेचारला गोव्यातल्या फोंड्याहून निघालो आणि साखळी ओलांडून केरीला पोचलो, तेव्हा अंजुणे धरणाच्या पाण्यावर धुके साचलेले होते. चोर्ला घाटाचा रस्ता मला अनोळखी नाही. पावसाळ्यात धबधब्यांसाठी या वाटेने येणाऱ्या हजारोंपैकी मीही एक आहे. मात्र कोरड्या दिवसांत, घाटमाथ्यावर गवत पिवळे पडलेले असताना, मी इथे कधी थांबलो नव्हतो. या खेपेला थांबायचे कारण धबधबा नव्हता. ओळखीच्या एका वनरक्षकाने फोनवर सांगितले होते, "सर, जाळरेषा पेटवणार आहोत. दव सुकायच्या आत या, मग बघण्यासारखे काही उरत नाही." जाळरेषा म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून आधीच ठरवून जाळलेला गवताचा पट्टा.

आग पाहायला जाणे हे माझ्यासारख्या माणसाला सोपे नव्हते, याला मार्च २०२३ कारणीभूत आहे. त्या महिन्याच्या ५ तारखेला म्हादई अभयारण्यातील साट्रेच्या डोंगरावर आग लागली आणि पुढचे जवळपास दोन आठवडे गोव्यात ७०हून अधिक ठिकाणी रान पेटत राहिले. नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे बादल्या लटकावून डोंगरांवर पाणी ओतताना आम्ही वाळपईच्या रस्त्यावरून पाहिली होती, आणि रात्री काळ्या डोंगरावर लाल कंठा घातल्यासारखी सरकणारी ती रेघ आजही डोळ्यांपुढून जात नाही. तेव्हापासून माझे मत एकच होते: जंगलात आग म्हणजे गुन्हा. कायदाही तेच सांगतो; १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३०व्या कलमानुसार अभयारण्यात त्याला धोका पोचेल अशी आग लावण्यास मनाई आहे. सुर्ल्याच्या या फेरीने माझे मत उलटे झाले असे नाही, पण ते पूर्वीइतके सरळ राहिलेले नाही.

घाटमाथ्यावर सुर्ल्याकडे फुटणाऱ्या रस्त्यावर थोडे पुढे गेल्यावर गाडी लावली आणि उतरून सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावर, चढलो. दहा पावलांत पायमोजे कुसळांनी भरले. कुसळी गवताचे बी टोकदार असते आणि त्याची लांब शेपटी ओल लागली की पीळ उलगडत बियाला मातीत ढकलते. त्या सकाळी बियांनी मातीऐवजी माझे घोटे निवडले. जांभ्याच्या या सड्यावर माती कुठे बोटभर, कुठे वीतभर. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये इथेच गेंदांचे पांढरे ताटवे, सीतेची आसवे आणि कीटक पकडणारा दवबिंदू फुललेला असतो, हे आता सांगूनही खरे वाटले नसते. उतारावर, जिथे मातीचा थर वाढतो, तिथे गवत छातीइतके उंच होते आणि त्यातून माट्टी, किंदळ, कुंभा अशी झाडे विखुरलेली होती. त्याच्याही खाली, ओहोळांच्या घळीत, सदाहरित रानाचा गडद पट्टा.

वनरक्षकाने मला प्रथम कुंभ्याच्या खोडापाशी नेले आणि नखाने साल टोकरून दाखवली. जाड, भेगाळलेली, बुचासारखी साल. माट्टीची, म्हणजे ऐनाची, सालही तशीच, मगरीच्या पाठीसारखी. गवतातून पळत जाणारी आग या झाडांच्या बुंध्याशी अर्धा-एक मिनिट रेंगाळते. जाड सालीच्या आतला जिवंत थर तेवढ्या वेळात तापत नाही. गवताची युक्ती वेगळी. त्याचे वाढीचे टोक जमिनीलगत किंवा जमिनीखाली दडलेले असते, वर जळते ते आधीच वाळलेले असते. उलट घळीतल्या सदाहरित झाडांची साल पातळ. त्यांची रोपे तर एका मंद आगीतही मरतात. "एकाच डोंगरावर दोन कायदे आहेत सर," तो म्हणाला. त्याला बहुधा निसर्गाचे कायदे म्हणायचे होते.

जाळरेषेचे काम मी समजत होतो त्यापेक्षा बरेच कंटाळवाणे आहे, आणि ते तसेच असायला हवे. आठवडाभर आधी रस्त्यालगत दोन समांतर पट्ट्या कापून, झाडून मातीपर्यंत उघड्या केलेल्या होत्या. मधले गवत तेवढे जाळायचे. सात माणसे, पाठीवरचे दोन ब्लोअर, पाण्याचे कॅन, आणि प्रत्येकाच्या हाती ओल्या पाल्याची फांदी. वारा कुठून येतो ते पाहण्यासाठी एकाने मूठभर भुसा उडवला. आग वाऱ्याच्या पाठीवर सोडायची नाही, वाऱ्याच्या तोंडावर लावायची, आणि उतारावर असेल तर वरच्या बाजूने खाली आणायची, कारण चढावर आग धावते आणि उतारावर रांगते. काडी लागली तेव्हा ज्वाळा गुडघ्याएवढीही नव्हती. दवाने दमट झालेले गवत तडतडत, धुमसत, इतक्या सावकाश जळत होते की आगीच्या पुढून एक सरडा चालत निघून गेला. अगदी चालत. साडेआठला पट्टा काळा झाला होता आणि दोघेजण उरलेले निखारे माती ओढून विझवत होते.

हीच काडी मार्चमधल्या दुपारी, पूर्वेकडून कोरडा वारा वाहत असताना पडली असती तर काय झाले असते, ते २०२३ने दाखवले आहे. तेव्हा ऑक्टोबरनंतर पाऊस जवळपास नव्हताच, हवेतली आर्द्रता घसरलेली होती आणि पाचोळ्याचा थर जाड होता. आग म्हणून दोन्हींचे नाव एकच, पण एक गवताचे शेंडे खाऊन जाते आणि दुसरी घळीत उतरून दीडशे वर्षांचे झाड बुंध्यापासून पोखरते.

काम आटोपल्यावर आम्ही चहाला एका गवळी-धनगर वाड्यात गेलो. घरातल्या वृद्ध गृहस्थांना सगळे मामा म्हणतात, म्हणून मीही मामा म्हणालो. दावणीला चार म्हशी होत्या. त्यांच्या वडिलांच्या काळी चाळीसच्या आसपास असत, असे ते म्हणाले. मी विचारले, "मामा, तेव्हा डोंगर जळायचा का?"

"जळायचा म्हणजे? आम्हीच जाळायचो," ते म्हणाले, आणि वनरक्षकाकडे बघून हसले. "पण होळीच्या आधी. शिमग्यानंतर डोंगराला काडी लावलेली आमच्या बापाला चालत नसे. आणि सगळा नाही जाळायचा. यंदा हे टेपाड, पुढल्या वर्षी ते. राईच्या कडेला तर आधी गवत कापून घ्यायचं, मग हात लावायचा."

राई म्हणजे देवराई. इथल्या सत्तरी तालुक्यात अशा राया अनेक गावांत आहेत. केरीची आजोबाची राई इथून फार लांब नाही. राईत कुऱ्हाड चालत नाही हे मला ठाऊक होते, पण राईभोवतीचे गवत दरवर्षी कापले जाई आणि त्यामुळे आपोआपच तिच्याभोवती जाळरेषा तयार होई, हे मात्र मी प्रथमच ऐकत होतो. पुढे मामा जे बोलले, ते मी गाडीत बसल्यावर वहीत उतरवून घेतले. "गवताचे वाटेकरी तीन. दावण, छप्पर आणि वणवा. पहिल्या दोघांनी नेलं नाही की सगळं तिसऱ्याचं."

आता त्यांच्या घरावर पत्रा आहे. गवताचे छप्पर दरवर्षी शाकारावे लागे आणि एका घराला गवताच्या शेकडो पेंढ्या लागत. वाड्यातल्या सगळ्या घरांचा हिशेब केला तर एक अख्खा उतार कापला जात असे. पत्रा आला, म्हशी कमी झाल्या, मुले वाळपई-साखळीकडे नोकरीला गेली. डोंगरावरचे गवत कोणी नेईनासे झाले. त्यात कुमेरी थांबली. उतारावरचे रान तोडून, जाळून, नाचणी-वरी पेरून काही वर्षांनी जागा सोडून देण्याची ही पद्धत मी चांगली ठरवत नाही. वाढत्या लोकवस्तीत ती टिकणारी नव्हती. पण तिच्याबरोबर आगीचे वेळापत्रक सांभाळणारी माणसेही डोंगरावरून उतरली. उरली ती काडी, आणि ती आता कोणाच्याही हाती आहे: काजूच्या बागेतला पाचोळा पेटवून जेवायला घरी जाणाऱ्याच्या, किंवा घाटात सिगारेट ओढणाऱ्या पर्यटकाच्या.

हे सारे एका वाड्याच्या आठवणींवरच उभे आहे, असे कोणी म्हणू नये. कर्नाटकातील बिळिगिरीरंगन डोंगरात सोलिगा लोक उन्हाळ्याच्या सुरुवातीला 'तरगु बेंकी', म्हणजे पाचोळ्याची हलकी आग, लावत असत. १९७४मध्ये तिथे अभयारण्य झाले आणि ती आग थांबली. पुढे १९९७ ते २००८ या काळात संशोधकांनी केलेल्या मोजणीत तिथला घाणेरीचा प्रसार दुपटीच्या आसपास वाढलेला आढळला. आवळ्याच्या झाडांवर बांडगुळे वाढली, आणि ती वाढण्यामागे आग बंद होणे हेच कारण असल्याचे सोलिगा सांगतात. घाणेरी दाटली की कधीतरी लागणारी आग हलकी राहत नाही. त्याआधी, इंग्रजांच्या अमदानीत, उत्तर बंगालच्या दुआर भागातील सालवनांत वनखात्याने आग कसोशीने बंद केली, तर सालाची रोपेच येईनात. खालची हिरवी झुडपे त्यांना गुदमरवू लागली, आणि शेवटी खात्यालाच काडी हातात घ्यावी लागली. काझीरंग्यात आजही दर हिवाळ्यात वनखाते उंच गवताचे पट्टे जाळते.

याबाबतीत एक मोठा खटाटोप अमेरिकेच्या आग्नेय भागात चालू आहे. तिथे लाँगलीफ पाइनचे रान एकेकाळी सुमारे ३ कोटी ६० लाख हेक्टरांवर होते. तोड, शेती आणि आगबंदी यांमुळे ते जेमतेम ३ टक्क्यांवर आले. या झाडाचे रोप पहिली काही वर्षे गवताच्या झुपक्यासारखे जमिनीला चिकटून असते आणि त्याचा कोंब सुईसारख्या लांब पानांच्या आत आगीपासून सुरक्षित राहतो. आता तिथे आधी घुसखोर झुडपे तोडतात, मग दर दोन-तीन वर्षांनी ठरवून आग देतात. याच रानात जिवंत खोडात ढोली कोरणारा एक सुतारपक्षी राहतो. तो संकटग्रस्त यादीत होता, २०२४ साली त्याला एक पायरी कमी धोक्याच्या यादीत आणले गेले.

पण सुर्ला म्हणजे फ्लोरिडा नव्हे. इथल्या डोंगराचा फार मोठा भाग ओलसर रानाचा आहे आणि त्या रानाला आगीची काडीमात्र गरज नाही. सत्तरीतच बांबरच्या निरंकाराच्या राईत जायफळाच्या कुळातील झाडांची पाणथळ आहे; तिच्या आसपास ठिणगीही नको. केरी परिसरातून २००७ साली देवगांडुळाची, म्हणजे गांडुळासारख्या दिसणाऱ्या बिनपायाच्या उभयचराची, एक नवी जात, 'गेगेनिओफिस गोएन्सिस', नोंदवली गेली; ओल्या मातीत जगणाऱ्या त्या जीवाला पाचोळ्याचा थर हाच आसरा. शिवाय सड्यावर उन्हाळ्यात टिटवी उघड्यावर अंडी घालते. म्हणून ज्याला गवताळ उतार सांभाळायचा आहे, त्याने आधी घळींच्या कडेला गवत कापले पाहिजे, उताराचे तुकडे पाडून दरवर्षी एखादाच जाळला पाहिजे, आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत काम संपवले पाहिजे. एवढे मनुष्यबळ कोठून आणायचे, हा प्रश्न मी वनरक्षकाला विचारला. त्याने आपल्या सात माणसांकडे पाहिले आणि उत्तर दिले नाही.

परतताना त्याने मला आणखी एक जागा दाखवली, आणि त्या दिवशी मला राग आला तो तिथेच. सड्याच्या एका सपाटीवर ऑस्ट्रेलियन बाभळीची रांगेने लावलेली झाडे होती. 'ओसाड जमीन हिरवी करणे' या नावाखाली गोव्यातले अनेक सडे असे भरले गेले. झाडांखाली गवताची एक काडी नव्हती. लवकर न कुजणाऱ्या कडक पानांचा घोटाभर थर होता आणि कडेने रानमोडी हे परदेशी झुडूप माजले होते. गवताळ जमीन म्हणजे झाडे नसलेली, म्हणून बिघडलेली जमीन, असे आपण शाळेपासून शिकलो आहोत. वस्तुतः हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक डोंगरांतल्या जुन्या मातीतले पुरावे सांगतात की उपखंडात उष्ण हवेत वाढणाऱ्या गवतांचा विस्तार सुमारे ७० ते ८० लाख वर्षांपूर्वी झाला, म्हणजे कुऱ्हाड धरणारा हात जन्मण्याच्या कितीतरी आधी. सुर्ल्याचा प्रत्येक उतार तितका जुना आहे असा माझा दावा नाही. त्यातले काही उतार गुरांनी आणि कुमेरीने घडवलेले असतील. पण खड्डे खणून तिथे परदेशी झाडे उभी करण्याआधी ऑगस्टमध्ये एकदा त्या सड्यावर गुडघे टेकून पाहायला हवे होते. इथे पुनरुज्जीवन करायचे तर पहिले हत्यार काडी नसून करवत आहे: बाभळी काढा, रानमोडी बी धरण्याआधी मुळासकट उपटा, गवताचे बी शेजारच्याच उतारावरून आणा. आग नंतर. रानमोडी उभी असताना आग दिली, तर ती तेलकट झुडपे मशालीसारखी पेटतात आणि पहिल्या पावसात बुंध्यातून पुन्हा फुटतात.

तीन आठवड्यांनी, फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, मी पुन्हा सुर्ल्याला गेलो. जाळलेल्या पट्ट्यावर पाऊस पडलेला नव्हता, तरी बहुवर्षायू गवताच्या काळ्या बुडख्यांतून बोटभर हिरवे फुटले होते. त्यावर गव्याचे ताजे शेण होते, आणि खुरांच्या खुणा रस्ता ओलांडून सरळ घळीकडे गेल्या होत्या. पट्ट्याच्या पलीकडे गवत तसेच छातीइतके, हात लावला की मोडणारे. वनरक्षक पट्ट्याची रुंदी पावलांनी मोजत होता. एका ठिकाणी ती आठ पावले भरली, दुसरीकडे पाचच. त्याने तिथे दगडांची रास लावली आणि वहीत जागा लिहून घेतली. मामांच्या दोन म्हशी त्या हिरव्या कोंबांवर येऊन उभ्या राहिल्या होत्या; त्यांना हाकलण्याची कोणालाच घाई नव्हती.